‘सोपी भाषा’ नावाची थाप

इंडोनेशियाच्या भाषेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: डच अवघड होती म्हणून गेली, मलय सोपी होती म्हणून टिकली. यूट्यूबवर ऐकू येतं, ‘जगातल्या दहा सर्वांत सोप्या भाषा’ छापाच्या याद्यांमध्ये दिसतं आणि बालीला चार दिवस जाऊन आलेल्या प्रत्येक मित्राच्या तोंडून बाहेर पडतं. ‘अरे, त्यांच्या भाषेत व्याकरणच नाहीये!’

नुसतं चुकीचं असतं तर सोडून दिलं असतं. इंटरनेटवर रोज कितीतरी चुकीचं वाचतो, सगळ्यावर कुठे लिहीत बसणार? पण ‘सोपी’ हा शब्द फार कामाचा आहे. तो वापरला की कोणी कोणावर काय लादलं आणि कोणाला कशापासून लांब ठेवलं, हे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. २०२५मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून वाद पेटला, तेव्हा मला दोन वेगवेगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इंडोनेशियाचा दाखला देण्यात आला. त्यांनी बघा कशी एक सोपी भाषा निवडली, देश एक झाला, तुम्हालाच काय प्रॉब्लेम आहे? सरकारने ते शासन निर्णय २९ जूनला मागे घेतले. दाखला मात्र अजून फिरतोच आहे. तेव्हा तो दाखलाच जरा उघडून बघू.

सुरुवात व्याकरणापासून, कारण दावा व्याकरणाचा आहे.

डच ही इंग्रजी आणि जर्मनच्या मधे कुठेतरी बसणारी भाषा. आपली लांबची चुलत बहीण म्हणा, कारण मराठीप्रमाणे तीही इंडो-युरोपीय कुळातली. तिच्यात नामांना ‘दे’ किंवा ‘हेत’ यांपैकी एक उपपद लागतं आणि कोणाला कोणतं, हे बरंचसं पाठच करावं लागतं. मुलगी या अर्थाचा ‘मायशे’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. इंग्रज यावर डोकं आपटून घेतात. ज्या भाषेत ‘पोरगं’ आहे, तिच्या माणसाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. डच वाक्यरचना भयंकर, असंही म्हणतात, कारण गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं. ‘दात हाय एन बूक लेस्ट’ यातला एकेक शब्द मराठीत ठेवत गेलो तर होतं: ‘की तो एक पुस्तक वाचतो’. शब्दक्रम जसाच्या तसा. इंग्रजीतून डचकडे बघणाऱ्याला जे अवघड वाटतं, ते आपल्याला अंगवळणी पडलेलं आहे.

आता ‘व्याकरण नसलेली’ मलय. काळानुसार क्रियापद बदलत नाही, लिंगभेद नाही, अनेकवचन करायचंच असेल तर शब्द दोनदा म्हणायचा. इथपर्यंत सगळं खरं आहे. पण यादी बनवणारे इथेच थांबतात. मलयमध्ये शिकण्या-शिकवण्याचा धातू आहे ‘आजार’ (हसू नका, उच्चार जवळपास तोच आहे). त्यापासून बेलाजार म्हणजे शिकणं, मेंगाजार म्हणजे शिकवणं, पेलाजार म्हणजे विद्यार्थी, पेंगाजार म्हणजे शिकवणारा, पेलाजारान म्हणजे धडा, आजारान म्हणजे शिकवण आणि मेम्पेलाजारी म्हणजे एखाद्या विषयाचा अभ्यास करणं. त्यात उपसर्ग लागताना धातूचं पहिलं अक्षर गिळलं जातं. ‘तुलिस’चं ‘मेनुलिस’ होतं, ‘पुकुल’चं ‘मेमुकुल’, ‘सापू’चं ‘मेन्यापू’. कोशात शब्द धातूखाली लावलेले असतात. म्हणजे ‘मेन्यापू’ शोधायला आधी तो ‘स’खाली आहे हे ठाऊक हवं. मी पोटासाठी कोड लिहितो, सर्चचं थोडंफार काम केलंय. ज्या भाषेत शब्दाचं मूळ पुढून, मागून आणि कधी दोन्हीकडून झाकलेलं असतं, तिला ‘व्याकरण नाही’ म्हणणाऱ्याने तिच्यासाठी एकदा सर्च बॉक्स बनवून दाखवावा.

मला स्वतःला मलयमधला ‘तेर’ हा उपसर्ग फार आवडतो. ‘तिदुर’ म्हणजे झोपणं आणि ‘तेर्तिदुर’ म्हणजे झोप लागणं, ठरवलेलं नसताना. ‘मी झोपलो’ आणि ‘मला झोप लागली’ यांतला फरक मराठी माणसाला कोणी समजावून द्यावा लागत नाही. तसंच ‘आपण’ आणि ‘आम्ही’. मलयमध्ये समोरच्याला धरून बोलायचं तर ‘किता’, त्याला वगळून बोलायचं तर ‘कामी’. डचमध्ये, इंग्रजीसारखं, दोन्हींना मिळून एकच सर्वनाम. हा ‘कामी’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हणजे सोपी कोणाला, अवघड कोणाला, हे तुम्ही कुठून येताय त्यावर ठरतं. शिवाय लोक ज्या मलयला सोपी म्हणतात, ती बाजारातली, बंदरावरची मलय. तिचं आणि दरबारी किंवा पुस्तकी मलयचं नातं साधारण बंबैया हिंदी आणि बोर्डाच्या हिंदी पेपरासारखं आहे. ‘अपुन को मंगता है’ आलं म्हणून हिंदी आली, असं आपण म्हणतो का?

पण समजा, वादापुरतं मान्य केलं की मलय सोपी आणि डच अवघड. मग सुरिनामचं काय करायचं?

दक्षिण अमेरिकेतला सुरिनाम हा डचांचाच मुलूख. गुलामगिरी संपल्यावर तिथल्या मळ्यांवर राबायला डचांनी १८७३पासून भारतातून, मुख्यतः भोजपुरी-अवधी पट्ट्यातून, करारबद्ध मजूर नेले. १८९०पासून जावा बेटावरून हजारोंनी नेले. तिथे १८७६पासून शिक्षण सक्तीचं झालं आणि शाळेची भाषा डच होती. आज सुरिनामची राजभाषा डच आहे. बिहारी मजुराची आणि जावानीज मजुराची पणतवंडं एकमेकांशी डचमध्ये बोलतात. घरी सारनामी किंवा जावानीज असेल, पण डच त्यांची स्वतःची झाली आहे. तोच राज्यकर्ता, तीच ‘अवघड’ भाषा, माणसंसुद्धा त्याच जावा बेटावरची. मग खुद्द जावामध्ये डच का रुजली नाही?

कारण ती रुजू दिलीच नाही. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ची, बाटाव्हिया म्हणजे आजचं जाकार्ता १६१९चं. (आपल्याकडे वेंगुर्ल्यालाही त्याच शतकात त्यांनी वखार घातली.) आले तेव्हा मलय आधीच तिथे होती. आचेह, मलाक्का, मोलुक्का, जिथे मसाला तिथे मलय. फ्रेडरिक द हाउटमान नावाचा डच दर्यावर्दी आचेहच्या सुलतानाच्या कैदेत दोन वर्षं पडला होता. तिथे तो मलय शिकला आणि सुटून आल्यावर १६०३मध्ये त्याचा मलयचा संभाषण-कोश ॲम्स्टरडॅममध्ये छापला गेला. १६२९मध्ये मॅथ्यूचं शुभवर्तमान मलयमध्ये छापून निघालं, १७३३पर्यंत अख्खं बायबल. म्हणजे देवाचं म्हणणंसुद्धा लोकांना डचमध्ये सांगायची गरज कंपनीला फारशी वाटली नाही. बाटाव्हियाच्या गल्ल्यांमध्ये तर दीर्घकाळ मोडकी पोर्तुगीज चालायची. कंपनीला जायफळ आणि लवंग हवी होती, व्याकरणाचे विद्यार्थी नको होते.

पुढे कंपनी गेली, सरकार आलं, तरी धोरणाचा कल तोच राहिला. डच ही साहेबाची खूण. ती नोकराला आली तर साहेब आणि नोकर यांच्यात राहिलं काय? कार्तिनी ही जावानीज सरदारघराण्यातली मुलगी, १९०४मध्ये अवघ्या पंचविशीत गेली. तिने डचमध्ये लिहिलेली पत्रं १९११मध्ये पुस्तकरूपात आली. डचमध्ये बोलू पाहणाऱ्या शिकल्यासवरल्या जावानीज माणसाला डच अंमलदार कसे झिडकारतात, याची चीड त्या पत्रांत आहे. प्रामुद्या अनंता तूर यांच्या ‘बुमी मानुसिया’ या १९८०च्या कादंबरीत न्याई ओन्तोसोरो ही बाई कोर्टात अस्खलित डचमध्ये बोलू लागते, तर न्यायाधीश तिला ती भाषा बोलायला मनाई करतो. गुन्हा काय? तर तिला ती येते. स्थानिक मुलांना डच शिकवणाऱ्या खास प्राथमिक शाळा या नावानिशी निघाल्या त्या १९१४मध्ये, आणि त्याही बहुतेक वरच्या थरातल्या घरांसाठी. १९३०च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे सहा कोटी आणि स्थानिकांमध्ये डच लिहिता-वाचता येणारे शेकड्यात एकसुद्धा नाहीत.

आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर जावास्क्रिप्टचं घ्या. ती उत्तम होती म्हणून घराघरांत पोचली असं तिच्यावर प्रेम करणारासुद्धा म्हणणार नाही. ब्राउझर उघडला की आत तीच होती, एवढंच कारण. डचचं बरोबर उलट झालं. ती ज्या ब्राउझरमध्ये चालत होती, तो लोकांना इन्स्टॉलच करू दिला नाही. मग तीनशे वर्षांनी म्हणायचं, युजरला जमली नाही!

आता दाखल्याच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येऊ, म्हणजे ‘त्यांनी एक भाषा निवडली’ याकडे.

२८ ऑक्टोबर १९२८ला बाटाव्हियात तरुणांच्या परिषदेने शपथ घेतली. आपल्याच वयाची पोरं होती, काही तर आणखी लहान. त्यांपैकी शिकलेल्यांचं बरंचसं शिक्षण डचमध्ये झालेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये मोहम्मद हत्ता हेगच्या कोर्टात आरोपी म्हणून उभे होते आणि त्यांनी स्वातंत्र्याच्या बाजूचं जे भाषण तिथे केलं ते डचमध्ये. म्हणजे पुढाऱ्यांना डच येत होती, भांडण्याइतकी चांगली येत होती. प्रश्न बाकीच्या सहा कोटींचा होता.

त्या सहा कोटींत चाळीस टक्क्यांहून जास्त लोक जावानीजभाषक होते. जावानीजला स्वतःची लिपी आहे आणि हजारेक वर्षांची साहित्यपरंपरा. ‘सर्वांत मोठ्या गटाची भाषा ती राष्ट्राची भाषा’ हा नियम लावला असता तर जावानीजच यायला हवी होती. मलय ही मातृभाषा म्हणून विसात एखाद्याचीच. तरीही त्यांनी मलयला ‘बहासा इंडोनेशिया’ हे नाव देऊन पुढे केलं आणि सर्वांत मोठ्या गटाने ते मान्य केलं. आता हे हिंदीच्या बाजूने कसं वापरता येतं, मला कोणीतरी शांतपणे समजावून सांगा. इंडोनेशियाचा धडा असलाच तर तो असा की मोठ्याने मागे सरकावं. हा धडा घेऊन कोणी व्हॉट्सॲपवर येत नाही.

त्या शपथेचा मसुदाही वाचण्यासारखा आहे. पहिल्या दोन कलमांत ‘एक’ हा शब्द आहे: एक मायभूमी, एक राष्ट्र. तिसऱ्या कलमात तो नाही. तिथे ‘एकच भाषा’ असं म्हटलेलं नाही, ‘ऐक्याची भाषा’ म्हटलंय आणि तिचा मान राखू असं म्हटलंय. पुढे घोषणा करताना लोकांनी ‘एक मायभूमी, एक राष्ट्र, एक भाषा’ असं सुटसुटीत करून टाकलं, पण मुळात ती पोरं शब्दांबाबत जागरूक होती. बाकीच्या शेकडो भाषा बोलणाऱ्यांना घरी काय बोलायचं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

आणि शपथेची सुरुवात होते ‘कामी’ने. १७ ऑगस्ट १९४५च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचीसुद्धा. दोन्हीकडे ‘आम्ही’, ‘आपण’ नाही. हे वाक्य कोणीतरी बाहेरचा ऐकतो आहे आणि तो या ‘आम्ही’मध्ये नाही, हे मलयमध्ये पहिल्याच शब्दात कळतं. डचमध्ये भाषांतर करा, ती रेघ पुसली जाते. व्याकरण नसलेली भाषा म्हणे!

१९२८मध्ये ठरलं ते प्रत्यक्षात यायला मात्र एका धक्क्याची गरज लागली आणि तो जपानने दिला. १९४२मध्ये जपानी आले, डचवर बंदी घातली आणि शाळा, कचेऱ्या, रेडिओ सगळं रातोरात मलयवर आलं, कारण जपानी भाषा लगेच येणं कोणालाच शक्य नव्हतं. त्याच वर्षी पारिभाषिक शब्द घडवायला समिती बसली. तिच्यात सुतान ताकदिर अलिशाबानासारखे लेखक होते. तीन वर्षांनी राज्यघटनेत कलम आलं. सोपेपणाचा यात कुठे संबंध आला? कैद, वखारी, बंद शाळा, तरुणांचा निर्धार, परकी फौज. याला इतिहास म्हणतात.

डच गेली म्हणजे शब्दांनी बाडबिस्तरा गुंडाळला असंही नाही. इंडोनेशियात ऑफिस म्हणजे अजून ‘कांतोर’, टॉवेल म्हणजे ‘हांदुक’, फ्रिज म्हणजे ‘कुल्कास’, गाडीचा ब्रेक म्हणजे ‘रेम’, सगळे डच. समुद्रापलीकडे मलेशियात तीच भाषा, पण १८२४च्या तहात इंग्रज-डचांनी मधून रेघ ओढल्यामुळे एकीकडे ‘युनिव्हर्सितास’ आणि दुसरीकडे ‘युनिव्हर्सिती’. उलट दिशेनेही माल गेला. डचमध्ये उगाच डोक्यात काळजी घोळवत बसणं याला ‘पीकेरन’ म्हणतात. तो मलय ‘पिकिर’वरून आला, ‘पिकिर’ अरबी ‘फिक्र’वरून, आणि तीच आपली फिकीर. ॲम्स्टरडॅममधला माणूस गृहकर्जाची फिकीर करतो तेव्हा नकळत आपल्याच शब्दात करतो. (मलयमध्ये ‘चिंता’ म्हणजे मात्र प्रेम. संस्कृतातून गेलेल्या शब्दाचा हा प्रवास मला अगदी तर्कशुद्ध वाटतो.)

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. मलयच्या बाजूने एक खरा मुद्दा होता आणि तो क्रियापदांच्या रूपांचा नव्हता. जावानीजमध्ये समोरचा कोण आहे त्यावर शब्दच बदलतात. नुसतं ‘खाणं’ घ्या: बरोबरीच्याशी ‘मांगान’, आदराने ‘नेधा’, वडीलधाऱ्याच्या खाण्याविषयी ‘धाहार’. आपल्या ‘जेव’, ‘जेवा’, ‘जेवावं’पेक्षा हे पुष्कळ खोल आहे, कारण असे शेकडो शब्द आहेत आणि चुकलात तर व्याकरण चुकत नाही, माणसाचा अपमान होतो. समतेची भाषा करणाऱ्या चळवळीला ही अडचण होतीच. मलयमध्ये ती कमी होती, पण नव्हती असं नाही. ‘मी’साठी चालणारा ‘साया’ हा शब्द संस्कृत ‘सहाय’वरून आलेला, अर्थ सेवक. ‘तुम्ही’साठी सर्वांना सारखा लागू होईल असा ‘आंदा’ हा शब्द १९५७मध्ये मुद्दाम आणावा लागला, तरी लोक आजही समोरच्याला बापाक आणि इबूच म्हणतात. जावामधली आजची तरुण मुलं मोठ्यांशी बोलताना चूक व्हायला नको म्हणून सरळ इंडोनेशियनवर जातात. त्यांना विचाराल तर तीही म्हणतील, ‘सोपं पडतं.’ पण सोपं काय पडतं? भाषा, की बोलणी खाण्यातून सुटका?

आणि सोप्या व्याकरणातून समता येते असं ज्यांना वाटतं त्यांनी आफ्रिकेच्या टोकाला जाऊन यावं. केपच्या वसाहतीत डच मालक होते आणि इंडोनेशिया, भारत, मादागास्कर इथून आणलेले गुलाम होते. तिथल्या स्थानिक खोईखोई लोकांसह या सगळ्यांच्या तोंडी घासून-घासून डचची आफ्रिकान्स झाली. लिंगभेद गळून पडला, क्रियापदाची रूपं जवळपास संपली. ‘खूप’ या अर्थी ‘बाया’ हा शब्द मलयमधून आला. तिथल्या मुसलमानांच्या मदरशांमध्ये ती अरबी लिपीत लिहिली जायची. अबू बक्र एफेंदी यांचं असं एक पुस्तक १८७७मध्ये इस्तंबूलमध्ये छापलेलं आहे. डच आणि मलय यांच्या संगतीतून निघालेली, गुलामांनी घडवलेली, ‘सोपी’ भाषा. समतेला याहून आदर्श उमेदवार कुठे मिळणार? पुढे तीच वर्णभेदी राजवटीची भाषा झाली. १६ जून १९७६ला सोवेटोमधली शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली ती निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकवण्याच्या सक्तीविरुद्ध, आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. क्रियापद चालवायला जमत नाही, अशी त्या मुलांची तक्रार नव्हती.

इंडोनेशियानेही हे करून पाहिलं. १९७५च्या डिसेंबरात त्याने पूर्व तिमोरमध्ये फौजा घुसवल्या. पोर्तुगीज शाळांतून हद्दपार झाली, इंडोनेशियन आली आणि एक अख्खी पिढी त्याच ‘जगातल्या सर्वांत सोप्या’ भाषेत शिकली. १९९९मध्ये सार्वमत झालं, २००२मध्ये देश स्वतंत्र झाला. राज्यघटनेत राजभाषा दोन लिहिल्या गेल्या: लोकांची तेतुम आणि जुन्या राज्यकर्त्यांची, क्रियापदांच्या ढीगभर रूपांची पोर्तुगीज. इंडोनेशियनला इंग्रजीच्या शेजारी ‘कामकाजाची भाषा’ म्हणून जागा मिळाली. घटना लिहिणाऱ्या पुढाऱ्यांची पिढी पोर्तुगीजमध्ये शिकलेली होती. इंडोनेशियन शाळांत शिकलेली, त्याच भाषेत घोषणा देत स्वातंत्र्यासाठी लढलेली पंचविशीतली पोरं नव्या कोर्टात आणि कचेऱ्यांत गेली, तेव्हा समोरचा कागद त्यांना वाचता येत नव्हता.